टाकीला माझा विरोध होता

शेतातल्या आखाड्यावर डिझेलची टाकी बसवायचा विषय निघाला की मी सरळ नाही म्हणायचे. पुतण्याने कितीही समजावलं तरी माझं उत्तर एकच असे : आपण विहिरीचं पाणी पितो, इथे डिझेल नको. आज आमच्या आखाड्यावर नऊशे लिटरची टाकी उभी आहे. ती कुठे, किती उंचीवर आणि कशाच्या आत उभी करायची, हे बहुतेक मीच ठरवलं. हे मत का बदललं ते मोकळेपणाने सांगायला हवं, कारण माझी भीती खोटी नव्हती. ती आजही तेवढीच आहे.

आमचं शेत परभणी जिल्ह्यात. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. दख्खनच्या पठाराच्या मोठ्या भागाची ठेवण थोड्याफार फरकाने अशीच आहे, लाव्हाच्या थरांवर थर. आमच्या विहिरीला पाणी येतं ते या खडकाच्या भेगांतून आणि सांध्यांतून. कोणती भेग कुठून आली आणि कुठे जाते, हे विहीर खोदणाऱ्यालाही सांगता येत नाही. वाळूतून किंवा मातीतून पाणी झिरपताना थोडंफार गाळलं तरी जातं. खडकाच्या भेगेतून ते जसं आहे तसं उतरतं. डिझेल मुरमात मुरलं तर त्याचीही वाट तीच. ते पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर तरंगत राहतं, थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं, आणि अगदी नखभर असलं तरी पाण्याला वास मारतो. एकदा वास धरलेली विहीर उपसून लगेच साफ होत नाही, कारण भेगांत अडकलेलं डिझेल दर पावसाळ्यात पुन्हा हलतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात त्याच विहिरीचं पाणी भरते आहे. तिच्या शेजारी हजार लिटर डिझेल ठेवायचं ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

पुतण्याची बाजूही हलकी नव्हती. सोयाबीन काढणीला आलं की आमच्याकडे दिवसांची किंमत वेगळीच होते. कापून टाकलेल्या ढिगावर परतीचा पाऊस आला तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, दाणा डागी पडतो आणि आडत्याकडे भाव उतरतो. मळणीचा हडंबा त्याच दिवसांत हवा असतो. त्याच दिवसांत रान मोकळं करून रब्बीच्या हरभऱ्यासाठी रोटाव्हेटरही फिरवायचा असतो. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जुंपला की तासाला पाच-सहा लिटर सहज पितो. पंप आहे तालुक्याच्या रस्त्याला. सगळ्या गावाचे ट्रॅक्टर त्याच आठवड्यात तिथे उभे. अर्धा दिवस रांगेत जातो आणि आभाळ तर थांबत नाही. तो म्हणायचा, ‘काकू, मळणीच्या दिवसांत मला ड्रायव्हर शेतात हवा, पंपावर नको.’ हे मला पटत होतं, तरी मी बधत नव्हते.

त्याचं एक कारण मात्र मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. स्वस्त असताना घेऊन ठेवू, महाग झाल्यावर वापरू, हे गणित. जून २०१७ पासून देशभर डिझेलचे भाव रोज ठरवायची पद्धत आली. कंपनीने महिनोन् महिने भाव हलवला नाही तरी उद्याचं आपल्याला काय कळणार? शिवाय शेतकऱ्याचे पैसे मळणीआधी मोकळे कधी असतात? त्यासाठी टाकी बसवणं म्हणजे खतबियाण्याचे पैसे लोखंडात कोंडून ठेवणं. मी त्याला हे स्पष्ट सांगितलं. तोही पुढे ते म्हणेनासा झाला.

डिझेल दारात आणून देणारी गाडी मिळाली असती तर प्रश्नच मिटला असता. इंडियन ऑइलने २०१८ साली पुण्यात ती सुरुवात केली तेव्हा बातमी वाचून मला वाटलं होतं, आता आपल्याकडेही येईल. आमच्या शिवारात अजून ती आलेली नाही.

माझं मत बदललं ते कॅनमुळे. टाकीला नाही म्हणताना माझ्या डोक्यात धरलेलं असायचं की आज आपल्या शेतावर डिझेल नाही आणि टाकी आली की येईल. पुतण्या एकदा रागाने म्हणाला, ‘काकू, डिझेल तर आहेच. तुम्हाला दिसत नाही, कारण ते एका जागी नाही.’ मी सगळे कॅन एका जागी आणायला सांगितले. पस्तीस लिटरचे काळे कॅन निघाले, वीस लिटरचे पांढरे निघाले, कीटकनाशकाचा रिकामा डबा निघाला. एक बॅरल खताच्या खोलीत होतं. गोठ्याच्या मागे दोन कॅन होते, तिथून कडब्याची गंज हाताच्या अंतरावर. शीतपेयाच्या बाटलीतही थोडं डिझेल निघालं, हात आणि सुटे भाग धुवायला ठेवलेलं. घरात लहान मुलं आहेत. बाटलीतलं रॉकेल सरबत समजून मुलांनी प्यायल्याच्या कहाण्या आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत, आणि डिझेल त्याचंच भावंड. सगळं मिळून जे भरलं ते मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट होतं.

सर्वांत जास्त डिझेल सांडलं होतं ते विहिरीजवळच्या इंजिनाच्या खोलीत. शेतीपंपाची वीज पुरेशी आणि वेळेवर नसे त्या काळात तिथे डिझेल इंजिन होतं. ते अजूनही अडीनडीला चालतं. त्या खोलीची जमीन काळी, चिकट झालेली होती. फरशी नाही, कोबा नाही, नुसता मुरूम. कॅनमधून इंजिनात ओतताना दर वेळी चमचाभर सांडलेलं, वर्षानुवर्षं. विहिरीचा काठ तिथून चार पावलांवर. ज्या विहिरीसाठी मी टाकी अडवून धरली होती, तिच्या काठावर इतकी वर्षं डिझेल मुरत होतं आणि ते अडवायला काहीही नव्हतं. पाण्याला वास नव्हता, ही दैवाची कृपा. त्यानंतर प्रश्नच वेगळा झाला. शेतावर डिझेल ठेवायचं की नाही, हे विचारण्यात अर्थ उरला नव्हता. ते कशात ठेवायचं आणि सांडलं तर ते कुठे थांबेल, एवढंच ठरवायचं होतं.

आणखी एका गोष्टीने मला हलवलं. कॅनमधून डिझेल काढायला आमच्याकडे सर्रास नळी तोंडाने ओढतात. तोंडात आलं की थुंकायचं, चूळ भरायची, हसायचं. सालगडी ओढतो, पुतण्या ओढतो, माझ्या दिरांनीही आयुष्यभर ओढलं. डिझेल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणं वाईट असतं. ते पातळ असतं, घोट चुकला की श्वासनळीतून खाली पसरतं आणि न्यूमोनियासारखा आजार होतो. म्हणूनच कुणी डिझेल किंवा रॉकेल प्यायलं तर त्याला ओकारी काढायला लावू नये, थेट दवाखान्यात न्यावं. ओकताना तेच पुन्हा फुप्फुसाकडे वळू शकतं. टाकीला हाताने फिरवायचा पंप लावता येतो. कॅनला कोण लावणार? माझ्या घरातल्या माणसांच्या तोंडातली नळी सुटावी, एवढ्या एका गोष्टीसाठीही मी टाकीला हो म्हटलं असतं.

हो म्हणायच्या आधी कायदा पाहिला. घरात सगळ्यांना वाटत होतं की शेतकऱ्याला कसला कायदा. कायदा आहे, आणि तो बराच जुना आहे : १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम. त्याखालचे नियम २००२ चे. डिझेल त्यात ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण साठा २,५०० लिटरांच्या आत असेल आणि त्यातलं कुठलंही भांडं १,००० लिटरांपेक्षा मोठं नसेल, तर या अधिनियमाखाली परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या असतात. दोन हजार लिटरची एकच टाकी बसवली तर एकूण साठा मर्यादेत असूनही परवाना लागतो, कारण भांडं मोठं झालं. तो परवाना देणाऱ्या यंत्रणेचं, पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पुतण्याच्या मनात पाच हजार लिटरची टाकी होती. नऊशेवर आम्ही आलो ते या कलमामुळे, आणि हंगामाचा हिशेब केल्यावर नऊशे पुरतात हेही दिसलं. तहसीलला पुरवठा विभागात जाऊन विचारून घेतलं, कारण स्थानिक आदेश वेगळे असू शकतात. हे स्वतःच्या वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही, हे मी घरात दोनदा बजावलं. हंगामात शेजारी मागायला येणार आणि पैसे पुढे करणार, हे मला माहीत होतं.

मग जागेचा वाद. दीर आणि पुतण्या दोघांचंही म्हणणं, टाकी जमिनीत पुरू. उन्हापासून वाचेल, चोरापासून वाचेल, पेट्रोल पंपावरही जमिनीतच असते. हा विचार आमच्या भागात फार रुजलेला आहे : जे पुरलं ते सुरक्षित. आधी मलाही तसंच वाटायचं. आपल्या मातीत मात्र ते चालत नाही. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात पुरलेला पाइप आणि त्याचे जोड दर वर्षी ओढले जातात, दाबले जातात. भर पावसाळ्यात पाणी वर आलं की रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते. नऊशे लिटरची टाकी नऊ क्विंटल पाणी बाजूला सारते आणि तिचं स्वतःचं वजन असतं जेमतेम दीड-दोन क्विंटल, मग ती खाली का राहील? आणि सर्वांत मोठी गोष्ट, पुरलेली टाकी गळली तर दिसत नाही. दिवसाला लिटरभर गेलं तर कुणाच्या लक्षात येणार? आम्हाला ते विहिरीच्या पाण्याच्या वासावरून कळलं असतं, म्हणजे फार उशिरा. पंपवाल्यांकडे मोजमापाची यंत्रं असतात, तपासणारे येतात. आमच्याकडे डोळे आहेत. म्हणून डोळ्यांना दिसेल अशीच टाकी हवी, यावर मी अडून बसले.

जागा निवडली विहिरीच्या खालच्या अंगाला, नाल्यापासून अंतर राखून, कडब्याच्या गंजीपासून लांब, वरून विजेची तार जाणार नाही अशी. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढली आणि मगच काँक्रीट घातलं. भरलेल्या टाकीचं वजन आठ-नऊ क्विंटल होतं. काळ्या मातीवर नुसत्या विटा रचून ती उभी केली असती तर पहिल्याच पावसाळ्यात एक पाय खचला असता.

टाकीभोवती बांध घातला. शेतकऱ्याला बांध शिकवावा लागत नाही. शेतातला बांध माती आणि पाणी अडवतो, हा डिझेल अडवतो. नियम सोपा आहे : पूर्ण टाकी फुटली तरी सगळं आत मावलं पाहिजे, वर दहावा हिस्सा जास्त. आमचा बांध आतून सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर धरले तर बाराशे लिटरांच्या वर मावतं. तळाला आणि भिंतींना आतून घोटून सिमेंटचा गिलावा केला. गवंड्याने सवयीप्रमाणे तळाशी पाणी जायला भोक ठेवलं होतं. ते मी बुजवायला लावलं. आत पावसाचं पाणी आलं तर मगाने उपसायचं आणि उपसण्याआधी वर रंगीत तवंग आहे का ते पाहायचं. वर पत्र्याचं छत टाकलं, त्यामुळे पाणी फारसं येत नाही आणि ऊनही अडतं.

पुतण्याला टाकी उंच मचाणावर हवी होती, म्हणजे नुसती तोटी उघडली की डिझेल उताराने ट्रॅक्टरमध्ये. मी नको म्हटलं. उंचावरच्या टाकीला भोक पडलं तर धार बांधाच्या बाहेर पडते, मग बांधाचा उपयोग काय? आणि तळाला तोटी असली की एका निसटलेल्या वॉशरने रात्रीत सगळी टाकी रिकामी होते. आमची टाकी फूटभर उंचीवर आडवी आहे, तीन फूट व्यासाची, साडेचार फूट लांब. डिझेल वरच्या बाजूने हातपंपाने ओढतो. वेळ थोडा जास्त लागतो. लागू दे.

टाकी कशाची, यावरही बराच खल झाला. पाण्याची काळी प्लॅस्टिकची टाकी स्वस्त मिळते, पण ती पाण्यासाठी बनवलेली असते. डिझेल आणि ऊन मिळून तिचे जोड किती दिवस टिकतील याची खात्री नाही. लोखंडी जाळीतली पांढरी हजारी टाकी जुन्या बाजारात मिळते, पण तिच्यात आधी कुठलं रसायन होतं कोण जाणे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही चालत नाही. जस्त डिझेलशी मिळून साबणासारखा गाळ तयार करतं आणि तो फिल्टरमध्ये बसतो. साधं पोलादी पत्र्याचं काम चांगलं, रंग फक्त बाहेरून, पांढरा. जुनी बॅरलं कापून जोडून टाकी करू, असं गावातल्या वेल्डिंगवाल्याने सुचवलं, तेव्हा मी हात जोडले. डिझेलचं रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा धोक्याचं असतं. आत वाफ भरून राहिलेली असते, कटरची ठिणगी पडली की झाकण उडतं आणि माणूस जातो. अशी माणसं गेलेली आहेत. नवाच पत्रा आणला.

लोक म्हणतात, डिझेल पेटत नाही. काडी टाकून विझवून दाखवतात. हिवाळ्यात तसं दिसतंही. पण ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, ते आपल्या मानकात किमान ३५ अंश इतकंच आहे, आणि मे महिन्यात परभणीत पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या टाकीवर थेट ऊन पडलं तर आत त्याहून जास्त. म्हणून छत, पांढरा रंग, म्हणून वर वाफ जायला जाळी लावलेला पाइप, म्हणून जमिनीत अर्थिंग. टाकी कधीच काठोकाठ भरायची नाही. वीस अंशांच्या फरकाने डिझेल हजार लिटरांमागे सोळा-सतरा लिटर फुगतं, त्याला जागा हवी. बाजूला वाळूच्या बादल्या आणि कोरड्या पावडरीचं अग्निशामक नळकांडं आहे. पेटलेल्या डिझेलवर पाणी टाकायचं नाही, हे घरातल्या बायकांना मी स्वतः समजावलं, कारण घाईत हाताला लागते ती पाण्याचीच बादली. डिझेल पाण्यावर तरंगत जळत पुढे जातं.

ज्याची मला आधी कल्पनाही नव्हती तो त्रास आहे पाण्याचा. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, हवा बाहेर जाते. रात्री गार झाली की दमट हवा आत येते आणि पत्र्याला आतून दव धरतं. ते थेंब तळाला साचतात. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू आणि बुरशी वाढते, काळा चिकट गाळ होतो, तळ आतून कुजतो. जुन्या इंजिनाने हे थोडंफार खपवून घेतलं असतं. नव्याने नाही. देशभर एप्रिल २०२० पासून दशलक्षात दहा भाग गंधकाचं डिझेल आलं, आणि जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. या इंजिनांचे इंजेक्टर इतके बारीक काम करतात की पाण्याचे चार थेंब हजारो रुपयांना पडतात. म्हणून टाकीला एका बाजूला बोटभर उतार दिला आहे. उताराच्या टोकाला घट्ट बूच आणि त्यावर कुलूप. ओढायची नळी दुसऱ्या टोकाला, तळापासून चार बोटं वर. दर पंधरवड्याला बूच सैल करून तळातलं बाटलीभर काढतो, पाणी दिसलं की स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहतो. ते काढलेलंही जमिनीवर ओतायचं नाही, झाकणाच्या डब्यात साठवायचं. हे काम मी माझ्याकडे ठेवलं आहे. टाकी पावसाळ्याच्या तोंडाला एक तर भरलेली ठेवायची नाही तर पूर्ण रिकामी, आणि वर्षाच्या आत सगळं डिझेल वापरून संपवायचं.

कॅन गेले. बाटल्या गेल्या. इंजिनाच्या खोलीतली तेलकट माती खणून काढली आणि तिथे कोबा केला, इंजिनाखाली ट्रे ठेवला. खणलेली माती नाल्यात टाकू दिली नाही. ती अजून प्लॅस्टिकच्या कागदावर, कागदाखालीच झाकून ठेवली आहे, तिचं काय करायचं ते कृषी विद्यापीठात विचारायचं ठरलं आहे.

दिरांना आता दुसरी टाकी हवी आहे. त्यांचं म्हणणं, कायदा अडीच हजारांपर्यंत मोकळीक देतो तर नऊशेवर का थांबायचं, दोन टाक्या असल्या की शेजारच्यांचीही सोय होईल. त्यांचा हेतू चांगला आहे. पण जास्त साठा म्हणजे जास्त दिवस पडून राहिलेलं डिझेल, तळाला जास्त पाणी, आणि बांध आणखी एक. शेजारच्यांना द्यायचं म्हटलं की ती विक्री होते, मग उसनं म्हणा की काही म्हणा. एका मळणीपुरतं हवं ते आपल्याकडे आहे. दुसऱ्या टाकीला माझा विरोध आहे आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितला आहे.